पालीच्या मागे लागलेलं मूल आणि शाळेचा अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात राहते, आठवी ते दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. आमची लेक पहिलीत असताना स्वयंपाकघरातल्या पालीच्या प्रेमात पडली. आता ती सातवीत आहे. मधल्या काळात शेजारणींनी, शिकवणीच्या मुलांच्या आयांनी आणि दोन-चार शिक्षकांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एका जागी लिहिले आहेत. उत्तरं एका मापाची नाहीत. जिथे आम्ही रमलो तिथे मी जास्त बोलले आहे.

मुलगा दिवसभर पाल, सरडा, घोरपड एवढंच बोलतो. काळजी करावी का?

नको. काही मुलं जेसीबीच्या मागे असतात, काही क्रिकेटच्या धावसंख्येच्या. पाल निदान फुकट मिळते आणि रोज संध्याकाळी न बोलावता हजर असते.

सुरुवात कशी करायची? चांगलं पुस्तक सुचवाल का?

आधी पुस्तक नको, आधी खिडकी. रात्री स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवा आणि काचेशी बसा. बाहेरून किडे काचेवर येतात आणि त्यांच्या मागोमाग पाल येते. आपण आत, ती बाहेर. पाठीकडून पाल सगळेच बघतात. काचेतून तिचं पोट दिसतं आणि पायाचे तळवे दिसतात.

आमच्याकडे सगळं सुरू झालं ते इथेच. लेक ओट्यावर चढून बसली होती. म्हणाली, "आई, हिच्या पोटात दोन गोळ्या आहेत." मी पोळ्या लाटत होते, "हो का" म्हणून सोडून दिलं. तिने हात धरून ओढलं तेव्हा पाहिलं. पोटाची कातडी इतकी पातळ की आतली दोन पांढरी अंडी जवळजवळ उघडी दिसत होती. आपल्या घरातल्या पाली साधारण दोनच अंडी घालतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चार-पाच रात्रींनी तीच पाल आली, शेपटीवरच्या काळ्या डागावरून लेकीने ओळखली, आणि पोट सपाट. मग अंडी शोधायची मोहीम. माळ्यावर जुन्या डब्यांच्या मागे सापडली, वाटाण्याएवढी, खडूसारख्या कवचाची. हात लावायचा नाही असं ठरलं. जवळजवळ दोन महिन्यांनी तिथे एक फुटलेलं कवच होतं आणि दुसरं अंडं तसंच होतं. "दुसरं का नाही फुटलं?" याचं उत्तर मला देता आलं नाही, आणि ते तसंच वहीत लिहिलं गेलं.

वही म्हणजे साधी शंभर पानी. तारीख, वेळ, कुठे दिसली, काय करत होती आणि पडलेला एखादा प्रश्न. नियम एकच, मोठ्यांनी त्या वहीत लाल पेन चालवायचं नाही.

हा नियम मी स्वतः मोडला म्हणून सांगते. दुसरीत असताना मी हौसेने एक छापील पान तयार केलं. चित्र रंगवा, रिकाम्या जागा भरा, 'पाल' या विषयावर दहा ओळी लिहा. तिने लिहिलं, "पाल हा एक उपयुक्त प्राणी आहे. तिला चार पाय असतात." गाईच्या निबंधातली गाय काढून तिथे पाल ठेवली होती, बास. ज्या मुलीला पालीच्या पोटातली अंडी दिसली होती, तिने हे लिहावं! त्यानंतर तीन आठवडे वही उघडली नाही. तेव्हापासून मी विषय शोधत बसत नाही. प्रश्न तिने आणायचा, तो कोणत्या तासाला बसतो ते मी पाहायचं.

मलाच पालीची किळस येते. मी काय करू?

मलाही यायची. अजूनही अंगावर पडली तर मी किंचाळते. मुलांसमोर आवडल्याचं नाटक करू नका, त्यांना लगेच कळतं. "मला किळस येते, पण तू सांग, मी ऐकते" एवढं पुरतं. उलट तेव्हा मूल जास्त समजावून सांगतं आणि समजावताना त्याचं त्यालाच कुठे अडतंय ते कळतं. काच मधे असली की किळस निम्मी होते, हा माझा अनुभव.

पाल विषारी असते ना? दुधात पडली तर?

आपल्या घरातली पाल विषारी नाही, तिला विषाची ग्रंथीच नाही. सरडा नाही, घोरपड चावली तर जखम चिघळू शकते पण ती माणसाला मारणारी विषारी नाही. बिचारी सापसुरळी, जिला आपण 'सापाची मावशी' म्हणून काठीने मारतो, तीही नाही.

दूध मात्र फेकून द्या. पालीच्या पोटात आणि विष्ठेत साल्मोनेला जातीचे जीवाणू असू शकतात, त्यांनी पोट बिघडतं. म्हणून पाल, तिची अंडी, विष्ठा यांच्याजवळ हात गेला की साबणाने धुवायचे. 'विष' आणि 'जंतू' यांतला फरक तिसरी-चौथीच्या मुलाला शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

विज्ञानात नेमकं काय काय येतं?

शेपटीपासून सुरू करा, कारण मुलं तिथूनच सुरू करतात. पालीची शेपटी ओढल्यामुळे तुटत नाही, ती स्वतः तोडते. शेपटीच्या मणक्यांमध्येच तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात. तुटलेला तुकडा काही मिनिटं वळवळतो, मांजर त्याकडे बघत बसतं आणि पाल पसार होते. पुन्हा उगवते त्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची, म्हणजे आपल्या कानात असतो तशा लवचीक भागाची, एक कांडी असते. म्हणून नवी शेपटी जरा जाड, आखूड, वेगळ्या रंगाची दिसते. घरातल्या पालींमध्ये 'जुन्या शेपटीची' आणि 'नव्या शेपटीची' ओळखायला लावा, मुलं दहा फुटांवरून सांगायला लागतात. आणि हे आधीच सांगा की शेपटीत तिने चरबी साठवलेली असते, गंमत म्हणून तोडायला लावली तर आपण तिचा डबा हिसकावला असं होतं. आमच्याकडे एकदा दार लावताना चुकून तुटली. लेक रडली, मग घड्याळ लावून तुकडा किती वेळ हलतो तेही मोजलं. दोन्ही एकाच वेळी करता येतं मुलांना.

मग पाय. छताला उलटी कशी चालते? मुलांचा पहिला अंदाज नेहमी डिंक, दुसरा हवा ओढून धरणारी रबरी वाटी. दोन्ही चूक. पाल चालून गेलेल्या काचेवर चिकट काही राहत नाही, हे बोट फिरवून बघता येतं. बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात. 'टोके' नावाच्या मोठ्या पालीवर जो अभ्यास झाला त्यात एका पायावर असे सुमारे पाच लाख केस मोजले गेले, आणि प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो शेंड्यांत फुटलेलं. एक शेंडा साधारण 200 नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). इतकं बारीक टोक भिंतीच्या इतक्या जवळ जातं की रेणू-रेणूंमधलं दुबळं आकर्षण, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, ते कामाला येतं. एकटं बल नगण्य, पण लाखोंनी गुणलं की पाल छताला. केलर ऑटम या जीवशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली एकेका केसाचं बल मोजलं आणि 2002 मध्ये ते याच आकर्षणामुळे आहे हे दाखवलं. कोरड्या टेफ्लॉनवर, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्याच्या थरावर, पालीचा पाय नीट धरत नाही. (तवा घेऊन पालीच्या मागे धावू नका. आमच्याकडे हा प्रस्ताव आला होता.)

इतकी घट्ट धरते तर पाय उचलते कशी, हा पुढचा प्रश्न. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काचेतून चित्रण करा. पाल बोट टोकाकडून वर वळवून सोलल्यासारखं काढते, चिकटपट्टी कडेने उचलावी तसं. हे आमच्या दहावीच्या मुलांनीही तोंड उघडं टाकून पाहिलं.

सरड्याकडे वळलात तर ऊन हा विषय आपोआप येतो. सकाळी कुंपणावर पसरून बसलेला सरडा अंग तापवत असतो. त्याला 'थंड रक्ताचा' म्हणतात ते फसवं आहे, उन्हात बसलेल्या सरड्याचं रक्त चांगलं गरम असतं, फक्त ती ऊब तो बाहेरून घेतो. आपण ती जेवून तयार करतो. मग कोणाला जास्त खावं लागत असेल? हा प्रश्न विचारा आणि गप्प बसा.

गणिताची बाई आहात, गणितात काय?

इथे थोडी लांबण लागेल.

पाल हातात न घेता तिची लांबी कशी मोजायची? फरशीच्या किंवा टाइल्सच्या भिंतीवर असताना समोरून फोटो काढा. टाइल 12 इंची आहे हे माहीत आहे. फोटोत टाइल 8 सेंटिमीटर आणि पाल 3 सेंटिमीटर आली, तर खरी पाल किती? साडेचार इंच. गुणोत्तर-प्रमाण शिकवायला मी आधी आंबे आणि मजूर वापरायचे, आता पाल वापरते. फोटो तिरका काढला की उत्तर चुकतं, आणि ते का चुकतं हे शोधताना भूमिती येते.

दुसरं, मोजणी. रोज रात्री साडेआठला बाल्कनीच्या दिव्याभोवती किती पाली, एवढंच लिहायचं. महिन्याभराने स्तंभालेख. थंडीत आमच्याकडे कित्येक रात्री शून्य असायचं आणि मुलं शून्य लिहायला कंटाळतात, "काहीच नव्हतं" म्हणून दिवस सोडून देतात. 'मोजलं आणि शून्य आलं' व 'मोजलंच नाही' हे वेगळं, ही गोष्ट मला कॉलेजातही कोणी इतकी स्पष्ट सांगितली नव्हती. नंतर पांढरा दिवा काढून पिवळा लावून पाहिला. पिवळ्या उजेडाकडे किडे कमी येतात, आणि किडे कमी तर पाली कमी. सासऱ्यांनी तो पिवळा दिवा कायमचा ठेवला, त्यांना डास नको होते.

तिसरं माझं सगळ्यात आवडतं, सरड्याचं पळण्याचं अंतर. बागेतला सरडा दिसला की एका लयीत, न धावता त्याच्याकडे चालत जायचं. तो पळाला की थांबायचं आणि तिथपासून तो जिथे बसला होता तिथपर्यंत पावलं मोजायची. आधी स्वतःचं पाऊल किती सेंटिमीटरचं ते काढून ठेवायचं. लेकीने शाळेच्या फाटकाजवळचे सरडे आणि मामाच्या शेताच्या बांधावरचे सरडे असे दोन गट केले. फाटकाजवळचे अगदी दोन पावलांवर येऊ देत. बांधावरचे सात-आठ पावलांवरच सुळकन जात. सरासरी काढली, मग एका म्हाताऱ्या निगरगट्ट सरड्यामुळे सरासरी बिघडते म्हणून मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या, काढला. मध्यक कशासाठी असतो हे तिने मला सांगितलं, मी तिला नाही. एकाच सरड्याला पुन्हा पुन्हा पळवायचं नाही, एवढं मात्र पाळा.

मराठीच्या तासाला पाल कशी नेणार?

वाक्प्रचार सगळ्यांना सुचतात. मनात शंकेची पाल चुकचुकणे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, सरड्यासारखे रंग बदलणे. ते पाठ करून घेण्याऐवजी तपासायला लावा. सरडा खरंच कुंपणापर्यंतच धावतो का? आमच्या पावलांच्या वहीत बहुतेक सरडे जवळच्या कुंपणावर किंवा झाडावर गेलेले आहेत, म्हणजे म्हण करणाऱ्याने नीट पाहिलं होतं. रंगाची गोष्ट उलटी निघाली. बागेतल्या नर सरड्याचं डोकं आणि गळा विणीच्या दिवसांत लालभडक होतो तो लपण्यासाठी नाही, दुसऱ्या नराला 'ही जागा माझी' हे दाखवण्यासाठी. आपण संधिसाधू माणसाला सरडा म्हणतो, सरडा बिचारा उघड उघड मिरवत असतो.

पण खरी मजा व्याकरणात आली. तिसरीत लेकीने लिहिलं, "मी पालला पाहिलं." मी म्हटलं, पालीला. तिने विचारलं, "मग आपण 'पालला यात्रेला गेलो' असं का म्हणतो?" कराडजवळच्या पालच्या खंडोबाला आम्ही दर वर्षी जातो. मी जरा थांबले. मग तिच्या आजोबांनी त्यात भर घातली की रस्त्याकडेला लोहार येऊन उतरतात ते राहतात पालात. म्हणजे ती पाल, तिला लावलं तर पालीला, अनेकवचन पाली. ते पाल, म्हणजे कापडी तंबू, पालाला, अनेकवचन पालं. आणि गाव पाल, नुसतं पालला. एकच शब्द, तीन सामान्यरूपं, आणि लिंग कळल्याशिवाय एकही बरोबर येत नाही. सामान्यरूप हा धडा मी शाळेत घोकून काढला होता. तो असा जेवणाच्या ताटावर उलगडला. (शेवटी प्रश्न आलाच, पालक म्हणजे पाल पाळणारे का? भाजीचं नाव निघायच्या आत मी पानावरून उठले.)

शब्दांच्या मागेही जाता येतं. संस्कृतात पालीला पल्ली, सरड्याला सरट आणि घोरपडीला गोधा म्हणतात. इंग्रजीतला 'गेको' हा शब्द मलय भाषेतून आला आणि तो पालीच्या आवाजावरूनच पडला. मलय लोक घरातल्या पालीला 'चिचाक' म्हणतात, आपण म्हणतो ती चुकचुकते. आवाज एकच, ऐकणारे कान वेगळे. इंग्रजीच्या तासाला इतकं पुरे.

इतिहासात घोरपड म्हणजे तानाजीच ना?

हो, आणि ती गोष्ट सांगून थांबू नका. 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र, कोंढाणा, यशवंती नावाची घोरपड, तिला दोर बांधून मावळे चढले. हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं चित्र. आता मुलाला हिशेब करू द्या. आपल्याकडची भलीमोठी घोरपड सात किलोच्या आसपास. मावळा साठ किलोचा धरा, शिवाय ढाल-तलवार. घोरपडीची नखं कपारीत घट्ट बसतात हे खरं, पण किती घट्ट? इथे विज्ञान आणि इतिहास एकाच बाकावर बसतात.

मग साधनांकडे या. घोरपड येते ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढून गेल्याचं वर्णन आहे. पोवाडा लोकांसमोर डफावर गाण्यासाठी रचलेला, बखर वेगळ्या कारणाने लिहिलेली. मूल विचारेल, "म्हणजे खोटं आहे का?" मी आमच्या लेकीला म्हटलं, तानाजी मालुसरे पडले आणि गड घेतला हे खरं, दोर कोणी वर नेला यावर तू वाद घाल. तिने वर्गात वाद घातला. एका शिक्षकांना तो आवडला नाही, महाराजांच्या इतिहासात शंका काढते म्हणून वर्गात बोलणी बसली. घरी आल्यावर आम्ही दोघींनी पोवाड्यातला तो भाग मोठ्याने वाचला, अंगावर काटा आला. शंका आणि काटा दोन्ही एका वेळी येऊ शकतात.

घोरपडे हे आडनावही घ्या. घराण्याच्या आख्यायिकेत पुन्हा किल्ला, पुन्हा कडा, पुन्हा घोरपड. दोन ठिकाणी एकच गोष्ट कशी, हा प्रश्न सातवीच्या मुलाला विचारण्याजोगा आहे.

भूगोल?

आम्ही साताऱ्याचे म्हणून आमचं नशीब. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचं पठार आहे, जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडा खडकाळ माळ, वर पवनचक्क्यांची रांग. पावसाआधीच्या उन्हाळ्यात तिथे दगडावर बसून एक सरडा गळ्याखालचा पंखा उघडतो, निळा, काळा, नारिंगी. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी या गटातल्या सरड्यांसाठी नवी प्रजातच केली आणि तिचं नाव ठेवलं 'सरडा'. आपला मराठी शब्द, जगभरच्या शास्त्रात. चाळकेवाडीचा तो 'सरडा सुपर्बा'. त्याच भागातल्या एका पालीचं नाव आहे हेमिडॅक्टिलस सताराएन्सिस, 2008 मध्ये वरद गिरी आणि एरन बाऊर यांनी दिलेलं. आणि 2014 मध्ये कासच्या पठारावरून आलेल्या एका छोट्या पालीला गिरी यांचंच नाव मिळालं, क्नेमास्पिस गिरी. स्वतःच्या जिल्ह्याचं नाव पालीला मिळालंय हे कळल्यावर आमच्या लेकीने नकाशा स्वतःहून मागितला.

पवनचक्क्यांची गोष्ट नववी-दहावीच्या मुलांनाही पुरते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी याच पठारावर अभ्यास केला, 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आले होते. शिकारी कमी झाले म्हणून सरडे वाढले. ते माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, पण अंगाने रोड होते आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके होते. वीज स्वच्छ, तरी पठारावर काहीतरी हललं. अन्नसाखळी, ऊर्जा, जमिनीचा वापर, तीन धडे एका दगडावर. आणि 'माणूस किती जवळ आल्यावर सरडा पळतो' हे त्यांनीही मोजलं, हे कळल्यावर लेकीने आपली पावलांची वही काढून माझ्यासमोर आपटली. बोलली काही नाही.

तुमच्या गावात चाळकेवाडी नसेल. मग तुमच्या भागात काय आहे ते शोधा. गोव्याच्या जंगलात उडता सरडा मिळतो, बरगड्यांवर ताणलेल्या पडद्यावर तरंगत या झाडावरून त्या झाडावर जाणारा. कोकणात कोणा म्हाताऱ्या माणसाला घोयरा विचारा, डोळे दोन दिशांना फिरवणारा आणि जीभ लांब फेकणारा. भारतात असा शॅमेलिऑन एकाच जातीचा आहे.

आजी म्हणते पाल अंगावर पडणं, चुकचुकणं अशुभ. मुलाला काय सांगू?

आजीला खोटं पाडू नका, आजीला सोबत घ्या. पंचांगात पल्लीपतनाचा तक्ता असतो, डोक्यावर पडली तर हे, उजव्या खांद्यावर पडली तर ते. आमच्या सासूबाईंनी तो चष्मा लावून नातीला वाचून दाखवला. लेक म्हणाली, "आजी, आपण लिहून ठेवू या." वहीत चार रकाने केले. पाल चुकचुकली आणि काही वाईट झालं. चुकचुकली आणि काही झालं नाही. चुकचुकली नाही आणि वाईट झालं. दोन्ही नाही. दोन महिने चाललं. भांडण झालं ते आधी 'वाईट' कशाला म्हणायचं यावर. दूध उतू गेलं तर ते वाईट का? सासूबाई हो म्हणाल्या, लेक नाही म्हणाली. शेवटी उतू जाणं अर्ध्या गुणाचं ठरलं. रकाने भरले तेव्हा पालीमुळे काही फरक दिसला नाही. सासूबाई म्हणाल्या, "या घरातली पालच तशी आहे," आणि पुढच्या वेळी ती चुकचुकली तेव्हा सवयीने देवाचं नाव घेतलंच. लेकीने तेही लिहिलं.

एखादी पाळता येईल का? बरणीत ठेवली तर?

नाही. घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. पकडणं, पाळणं, मारणं, विकणं, सगळाच गुन्हा. 'हत्ताजोडी' नावाचं शुभ मूळ म्हणून जे विकतात ते झाडाचं मूळ नसून घोरपडीचा वाळवलेला अवयव असतो. नागरिकशास्त्राच्या तासाला हे सांगायला हरकत नाही, मोठ्या मुलांना तर नक्कीच. पाल आणि सरडाही बरणीत चार दिवसांत मरतात आणि मरणाऱ्या प्राण्याकडे बघून काही शिकता येत नाही.

संगीताची आवड असेल तर गोव्याचं घुमट ऐकवा. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं. गणपतीच्या आरतीतही वाजतं, ख्रिस्ती घरांतल्या मांडो या गाण्यांनाही साथ करतं. पूर्वी ते कातडं घोरपडीचं असायचं. कायदा आला, वादक अडचणीत आले, मग बकरीचं कातडं वापरून आवाज जुळवायची खटपट सुरू झाली. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. परंपरा टिकवायची की प्राणी, असा प्रश्न मुलांसमोर ठेवला तर ती तासभर भांडतात, आणि मग कोणीतरी विचारतं, "बकरीचं चालतं का पण?"

चित्रकला?

खवले काढू द्या. दुसरं काही सांगू नका.

आम्ही परदेशात राहतो, इथे पालच नाही.

पाल नसेल, सरडे बहुतेक ठिकाणी असतात. ब्रिटनमध्ये मूळच्या फक्त तीन जाती आहेत आणि त्यातली एक बिनपायांची, बघणाऱ्याला साप वाटावी अशी. तीनच का? आपल्याकडे इतक्या का? हवामानाचा अख्खा धडा या दोन प्रश्नांत आहे. शिवाय व्हिडिओ कॉलवर आजीकडून गावाकडच्या पालीची रोजची मोजणी मागवता येते. माझ्या नणंदेची मुलं असंच करतात, त्यांची आजी आता फोन आला की आधी पालीचा आकडा सांगते.

मी शिक्षक आहे. वर्गात चाळीस मुलं, पोर्शन पुरा करायचा. कसं जमवू?

सगळ्या वर्गाला पाल लावू नका, चाळिसांपैकी पस्तिसांना ती नकोच असेल. ज्या मुलाला वेड आहे त्याला परिसर अभ्यासाच्या तासाला पाच मिनिटं द्या आणि बाकीच्यांना प्रश्न विचारू द्या. पळण्याच्या अंतराचा प्रयोग मात्र मैदानावर सगळ्यांना चालतो. प्रकल्प वही पालकांनी करून देऊ नये, असं पत्रात स्पष्ट लिहा. थर्माकोलची घोरपड मी खूप पाहिली.

वेड संपलं तर?

संपतं. आमच्याकडे या पावसाळ्यात कोळी आले आहेत, न्हाणीघरातलं जाळं काढायची बंदी आहे. पालीची वही फ्रिजवर पडून असते. परवा रात्री मात्र पाणी प्यायला उठली होती, अंधारातच काचेशी थांबली आणि हाक मारली, "आई, नव्या शेपटीची आहे. आणि आत एकच अंडं दिसतंय." मी उठून गेले. खरंच एकच होतं.